सुझुनाच्या पायातल्या चपला

टोक्योत कामीइगुसा स्टेशनमागच्या गल्लीत टोफूवाल्याच्या दुकानावर दोन मजले चढून गेलं की मिनोमुशी नावाचा ॲनिमेशन स्टुडिओ लागतो. निशिवाकी सुमिएबाई तिथे अडतीस वर्षं नोकरीला होत्या, आणि या अडतीस वर्षांत त्यांचं काम कुणाच्याही नजरेत भरलं नव्हतं. याचा त्यांना भारी अभिमान होता.

त्यांचं कामच तसं. धावणारी मुलगी दाखवायची तर मूळ चित्रकार तिचं पाऊल उचललेलं एक चित्र काढतो आणि टेकलेलं एक. मोठा माणूस तो. नामावळीत त्याचं नाव वर. त्या दोन चित्रांच्या मधली पाच-सहा चित्रं दुसरं कुणी काढतं. आणि ती मधली चित्रं नीट बसली का, केस मधेच आखूड झाले का, हाताला एखादं बोट जास्त फुटलं का, हे तिसरं माणूस तपासतं. सुमिएबाईंनी आधी अकरा वर्षं मधली चित्रं काढली आणि पुढे सत्तावीस वर्षं ती तपासली. कागदांची चळत डाव्या हातात धरून फर्रकन सोडली की चूक त्यांना दिसायच्या आधी टोचायची. "मधली चित्रं अंगातल्या हाडांसारखी असतात," असं त्या शिकाऊ मुलींना सांगत. "दिसायला लागली की समजावं, काहीतरी मोडलंय."

मूळच्या त्या मुराकामी गावच्या. वडिलांचं खारवलेल्या साल्मन माशांचं दुकान. हिवाळाभर घरात आढ्याला मासे टांगलेले असत. सात वर्षांची सुमिए टीव्हीवरची जादूची मुलगी पाहून आंघोळीचा टॉवेल पाठीला बांधायची, त्या माशांखाली गिरक्या घ्यायची आणि प्रत्येक गिरकीनंतर आईला विचारायची, "आता बदलले का गं मी?" "बदललीस हो, आता भांडी पूस," आई म्हणायची. त्या वेडापायीच त्या एकोणिसाव्या वर्षी टोक्योला आल्या. लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं. दोन्ही वेळा कुठल्यातरी मालिकेचा शेवटचा भाग आडवा आला, असं त्या सांगत. पण ऐकणाऱ्याला वाटे, तो आडवा आला नसता तर बाईंनी स्वतः आणून घातला असता. एक खोली, खिडकीत कारल्याचा वेल, बुधवारी सार्वजनिक स्नानगृहात गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसणं, आणि मिसोच्या आंबवलेल्या वाटणात परतलेली वांगी. यापलीकडे त्यांना काही नको होतं, आणि हे त्या तोंड वाकडं न करता सांगू शकत.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना स्टुडिओकडे 'जादूची कन्या सुझुना' ही मालिका आली. जादूच्या मुलींच्या सगळ्या मालिकांची ती थट्टा होती. सुझुनाचा कायापालट होत असताना राक्षस मांडी घालून बसतो आणि घरून आणलेला डबा खातो. तिला जादू देणारं बोलकं पाणमांजर गल्लीच्या रहिवासी मंडळाचं चिटणीस असतं. लढाईआधी ते तशी सूचना लिहिलेली पाटी घरोघर फिरवतं आणि वाचल्याची खूण म्हणून तिच्यावर नऊ घरांचे शिक्के मागतं. सातव्या घरी कुणी नसतं, म्हणून राक्षसच शेजाऱ्यांकडे चौकशी करतो.

सुमिएबाईंनी पहिली संहिता वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. रंग विभागाची प्रमुख नोनोमुरा ही त्यांची तीस वर्षांची मैत्रीण. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"अगं सुमी, राक्षस डबा खातोय आणि तू सुतकात बसल्यासारखी काय बसलीस?"

"मी त्या गिरक्यांवर जन्म घातलाय, नोनोमुरा. मेली कसली थट्टा करताहेत!"

"म्हणून तर हसायचं. कायापालटाला किती वेळ लागतो हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? राक्षसाच्या जागी मी असते तर दोन डबे खाल्ले असते."

बुधवारी गरम पाण्यात बसल्या बसल्या सुमिएबाईंना तो शिक्के गोळा करणारा राक्षस आठवला आणि त्या एकट्याच इतक्या जोरात हसल्या, की शेजारच्या आजीबाई पाण्यातून उठून दूर जाऊन बसल्या. थट्टा करणाऱ्याचंही या मुलींवर प्रेम आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. मग बैठकीत कुणी तरुण चित्रकार म्हणाला, की हसायचंच आहे तर कायापालट मुद्दाम गचाळ काढू, तेव्हा कधी न बोलणाऱ्या सुमिएबाई बोलल्या. "कायापालट खराच झाला पाहिजे. तो खरा दिसला नाही तर राक्षस थांबलाय कशाला, हे कुणाला कळणार?" दिग्दर्शक हिराइवा हा छत्तिशीचा, डोक्यावर पाखरांचं घरटं घेऊन हिंडणारा गृहस्थ. त्याने लगेच मान तुकवली आणि कायापालटाला चाळीस सेकंद दिले.

हे चाळीस सेकंद एकदाच काढायचे आणि दर भागात तेच वापरायचे, असा या धंद्याचा रिवाज आहे. अशा साठवणीच्या चित्रांना ते लोक 'बँक' म्हणतात. बँकेतल्या कामात चूक राहू देत नाहीत, कारण बँकेत ठेवलेली चूक दर आठवड्याला परत येते.

शॉट क्रमांक अठ्ठावीस होता पायांचा. शाळेतले बूट विरघळतात, अनवाणी पावलाभोवती प्रकाश गुंडाळतो आणि त्याचे चमचमते उंच बूट होतात. मूळ चित्रं काबुरागी नावाच्या बाहेरच्या चित्रकाराची होती, सुरेख. मधली पाच मात्र कुठूनतरी करून आणलेली, आणि त्यात टाच नुसती लाकडासारखी वर जात होती. अशा वेळी तपासनीस स्वतःच चित्रं नव्याने काढतो. दुपारचे चार वाजले होते. सुमिएबाई जरा मोकळ्या व्हायला गेल्या होत्या, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. शॉट आत्ता हवा, म्हणून खालच्या मजल्यावरच्या निर्मितीवाल्यांची घाई चाललेली. त्या तशाच धावत आल्या, फोन घेतला, बसल्या, उजवा पाय स्टुलावर ठेवला, टेबलावरचा आरसा पायाकडे वळवला आणि टाच कशी उचलते ते पाहत पाच चित्रं काढली. सत्तावीस वर्षं त्या आरशात असाच स्वतःचा पाय पाहत आल्या होत्या. डोळ्यांना दिसलं ते हाताने काढलं. मधे डोकं आलंच नाही. त्यांनी स्वतः काढलेलं चित्र पुन्हा तपासायची कुणाची छाती नव्हती. शिक्का बसला, कागद खाली गेले.

उठायला लागल्या तेव्हा त्यांना दिसलं, की पायात संडासातल्या चपला आहेत. तपकिरी रेक्झिनच्या, पुढे सोनेरी अक्षरांत 'प्रसाधनगृह' लिहिलेल्या. संडासातल्या चपला संडासातच राहतात हे तीन वर्षांच्या पोरालाही कळतं. बाई लाजेने लाल झाल्या, इकडेतिकडे पाहून चपला जागेवर ठेवून आल्या आणि कुणी पाहिलं नाही म्हणून मनात देवाचे आभार मानले. चित्रात काय गेलं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

ते ध्यानात आलं पहिला भाग टीव्हीवर लागला तेव्हा, शनिवारी संध्याकाळी. स्टुडिओत सगळ्यांना कच्ची प्रिंट दाखवली त्या दिवशी त्या दातांच्या डॉक्टरांकडे होत्या. आता पाय पोटाशी घेऊन, चहाचा कप हातात धरून पाहत होत्या. सुझुना फिरली, फिती उलगडल्या, शाळेचे बूट विरघळले, आणि उंच बूट यायच्या आधी अर्धा सेकंदभर तिच्या पायात तपकिरी चपला होत्या. सोनेरी अक्षरांसकट. रंगही हुबेहूब. चहा कारल्याच्या वेलावर गेला.

सोमवारी त्या स्टुडिओत गेल्या त्या राजीनामा द्यायच्या तयारीने. पाहतात तर सगळा मजला हसतोय.

"सुमी, पाहिलंस ना?" नोनोमुराने त्यांचा हातच धरला. "लोक चित्र थांबवून थांबवून बघताहेत! काबुरागीसाननी कसली गंमत घातली बघ. मी तर कागद आले तेव्हाच ओळखलं, या आपल्याच चपला. रंग चुकायला नको म्हणून एक उचलून टेबलावर आणून ठेवली होती."

"कुठल्या टेबलावर?"

"माझ्या. पुसून आणली होती गं, अशी काय बघतेस?"

काबुरागीला वाटत होतं दिग्दर्शकाने घातली. बाकीच्यांना वाटत होतं काबुरागीने. थट्टेची मालिका असल्यामुळे काही विचित्र दिसलं की ते मुद्दामच असणार, असं प्रत्येकाने धरलं आणि कुणी कुणाला विचारलं नाही. सुमिएबाईंनी राजीनाम्याचा कागद पिशवीतून काढलाच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मूठ दर शनिवारी साडेपाचला उघडत होती. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी शोध लावला, की चपलांवरची अक्षरं उलटी आहेत. मग काय विचारता! जादूचं जग हे आपल्या जगाचं प्रतिबिंब आहे, असं एकाने मांडलं. सुझुना ही मुळात सुझुना नाहीच, ती आरशातली दुसरी मुलगी आहे, असं दुसऱ्याने सोळा मुद्द्यांत सिद्ध केलं. एका कंपनीने उलट्या अक्षरांच्या चपला विकायला काढायचं ठरवलं. हे सगळं नोनोमुरा जेवताना वाचून दाखवायची आणि सुमिएबाई अर्धा डबा तसाच झाकून ठेवायच्या. अडतीस वर्षांत जगाने त्यांचं काम पहिल्यांदा पाहिलं होतं, आणि पाहिली होती ती चूक. मार्चमध्ये त्या निवृत्त होणार. मागे राहणार ते हे: संडासातल्या चपला. त्यांना रात्री झोप लागेना असं नाही, झोप त्यांना छान लागे. पण सकाळी उठल्यावर पहिल्यांदा चपला आठवत.

मग डिस्कच्या दुरुस्त्यांची वेळ आली. टीव्हीवर जे चुकलं ते डिस्कवर नीट करून विकायचं, हीही या धंद्याची रीत. दुरुस्तीचे कागद शुक्रवारी बारापर्यंत मागवले होते. ही शेवटची संधी. एकदा डिस्क छापल्या की चपला कायमच्या. सुमिएबाईंनी शॉट अठ्ठावीसची पाच चित्रं नव्याने काढली. अनवाणी पाऊल, भोवती प्रकाश, रेघ न् रेघ जागेवर. मंगळवारी दुपारी ती घेऊन त्या हिराइवाच्या टेबलाशी गेल्या. तो करीचा पाव खात होता. त्यांना पाहून पाव धरूनच उभा राहिला.

"हिराइवासान, दुरुस्ती आणलीय. चपलांच्या जागी प्रकाश." त्यांनी कागद ठेवले आणि एका दमात सांगून टाकलं, थांबलं तर पुन्हा सांगता येणार नाही म्हणून. "त्या चपला गंमत नव्हती. मी संडासातून तशीच धावत आले, आरशात पाय बघितला आणि जे दिसलं ते काढलं. चूक माझी. काबुरागीसानचा काही संबंध नाही. माफ करा." आणि त्या कमरेत वाकल्या.

हिराइवाने मान खाजवली. "हो. ठाऊक आहे मला."

त्या वाकलेल्याच राहिल्या. "कधीपासून?"

"कच्च्या प्रिंटपासून. अक्षरं उलटी होती ना. गंमत करणारा माणूस अक्षरं वाचता येतील अशीच काढतो. उलटी काढतो तो आरशात बघणारा. आणि या मजल्यावर टाच काढायला स्वतःचा पाय आरशात बघणारं माणूस एकच आहे."

"मग बोलला का नाहीत?" आता त्या ताठ उभ्या राहिल्या, आणि आवाजही जरा चढला.

"बोललो असतो तर तुम्ही त्या लगेच काढून टाकल्या असत्या."

"अर्थात काढल्या असत्या!"

"म्हणून नाही बोललो." त्याने पाव खाली ठेवला. "असं बघा निशिवाकीसान. लोक दर आठवड्याला आमच्या दहा चुका शोधतात आणि बोंब मारतात. या चपलांना कुणीच चूक का नाही म्हटलं? टाच बघा. पाऊल आधी उचलतं, चपलेची टाच जरा मागाहून सुटते आणि तळव्यावर आपटते. पाच चित्रांत! इतकं मनापासून कुणी चूक करतं का? लोकांना वाटलं, ज्याने काढलं त्याला हेच काढायचं होतं."

"ते दिसायला नको होतं," सुमिएबाई म्हणाल्या.

"दिसलं खरं. आता ठरवा तुम्हीच. तुमच्या शिक्क्याशिवाय मी चित्र सोडत नाही. शुक्रवारी बारा."

त्याने खणातून चपलांची जुनी चळतही काढून दिली, आणि दोन्ही घेऊन त्या जागेवर आल्या. आधी नवी चळत फर्रकन सोडली. अचूक. काही टोचलं नाही, आणि काही झालंही नाही. मग चपलांची सोडली. फट्, फट्, फट्. त्यांना हसू फुटलं. पुन्हा सोडली, पुन्हा फुटलं. इतके दिवस त्या या चित्रांकडे गुन्हेगारासारख्या पाहत होत्या. चित्रं म्हणून त्यांनी ती पाहिलीच नव्हती. आणि मग, जित्याची खोड, त्यांना खरी चूक टोचली. दहा मिनिटांनी त्या पुन्हा हिराइवापुढे.

"चपला राहू देत. पण अशा नाही. आत्ता त्या नुसत्याच उगवतात आणि जातात. ना आगा ना पिछा. सुझुनाला कळायला हवं की पायात काय आहे. दचकायला हवी. कुणी बघितलं का म्हणून तिने इकडेतिकडे बघायला हवं, आणि चपला घाईघाईने झटकायला हव्यात. अक्षरंसुद्धा सुलटी."

"सुलटी केली तर ते सोळा मुद्दे कोसळतील."

"कोसळू देत. त्यांनाही काहीतरी काम मिळेल."

"म्हणजे मूळ चित्रंच नवी लागणार."

"लागणारच. काबुरागीसानना सांगा."

"काबुरागीसान दुसऱ्या कामावर गेले. तुम्ही काढा."

"मी मूळ चित्रं काढत नाही."

"कोण म्हणतं असं?"

सुमिएबाईंनी आठवून पाहिलं. असं कुणीच म्हटलं नव्हतं. अडतीस वर्षं त्या स्वतःच म्हणत आल्या होत्या.

बुधवारी त्यांनी स्नानगृह चुकवलं. कोरा कागद समोर घेतला आणि पेन्सिलीला तीनदा टोक काढलं. आजवर कागदाच्या दोन्ही बाजूंना कुणाचं तरी चित्र असायचं. इकडून तिकडे जायचं एवढंच त्यांचं काम. आता इकडेही कुणी नाही आणि तिकडेही. शेवटी त्या उठल्या, चपला घालून आल्या आणि पाय स्टुलावर ठेवून कामाला लागल्या. दचकताना पायाची बोटं आत वळतात हे त्यांना त्या दिवशी कळलं. हे त्यांचं त्यांनीच शोधलं होतं आणि त्याचा त्यांना फार आनंद झाला.

नोनोमुरा शेजारून गेली ती चार पावलं मागे आली. "अगं बाई! सुमी, पायात बघ. संडासातल्या चपला!"

"माहीत आहे. कामावर आहेत त्या."

नोनोमुराने चपलेकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं. मग तिचा जबडा हळूहळू खाली आला. "म्हणजे... तेव्हासुद्धा... तूच?" आणि ती जी हसत सुटली ती तिला भिंतीला धरून उभं करावं लागलं. सुमिएबाईही हसल्या. तीन महिने पोटात धरलेली गोष्ट अशी सगळ्या मजल्यावर फुटली आणि कुणाचंच काही बिघडलं नाही.

गुरुवारी दुपारी शॉट पुरा झाला. शॉट ज्या लिफाफ्यातून पुढे जातो त्यावर तीन रकाने असतात: मूळ चित्रं, मधली चित्रं, तपासणी. सवयीने लेखणी तिसऱ्या रकान्यावर गेली. मग त्यांनी ती वर नेली आणि पहिल्यात 'निशिवाकी' लिहिलं, दुसऱ्यातही लिहिलं. तिसरा कोरा ठेवला, कारण स्वतःच्या मूळ चित्रांना स्वतः पास करायचं नसतं. तो लिफाफा त्यांनी ओबाताच्या टेबलावर नेऊन ठेवला. मार्चनंतर त्यांच्या खुर्चीत हीच मुलगी बसणार होती. सुमिएबाईंनीच तिला चार वर्षं रडवून तयार केलेली, अजूनही त्यांची सावली पडली की उठून उभी राहणारी.

शुक्रवारी सकाळी लिफाफा परत त्यांच्या टेबलावर होता. शिक्का नव्हता. वर एक पिवळी चिठ्ठी, अक्षर भीतीने बारीक झालेलं. अशा चिठ्ठ्या सुमिएबाईंनी सत्तावीस वर्षं दुसऱ्यांना लिहिल्या होत्या. तेवढ्या वर्षांत त्यांना स्वतःला अशी एकही आली नव्हती. 'मूळ चित्रकार निशिवाकीसान यांस,' असं वर लिहिलं होतं. 'फार फार क्षमा असावी. तिसऱ्या चित्रात डाव्या चपलेची टाच एक मिलिमीटर वर आहे असं वाटतं. कृपया दुरुस्त करून द्यावं. ओबाता.'

सुमिएबाईंनी चळत बोटांत धरून सोडली. होती, एक मिलिमीटर वर होती. पलीकडे ओबाता श्वास रोखून कागदाआड बसली होती.

"ओबातासान," त्यांनी हाक मारली. पोरगी ताडकन उठून उभी राहिली. "बरोबर आहे तुझं. बारापर्यंत देते."

ती बसल्यावर बाईंनी चिठ्ठीवरची पहिली ओळ पुन्हा वाचली, मग आणखी एकदा. चिठ्ठी घडी घालून पाकिटात ठेवली, डोळे पुसले, आणि खोडरबर शोधायला लागल्या.